दादाचं चैत्रांगण

माझा दादा चित्रं काढायचा आणि आमचं सगळं घर त्याच्या चित्रांभोवती चालायचं. डोंबिवलीत भातखाचरांच्या कडेला एक बैठी चाळ होती, तिच्यातल्या शेवटच्या दोन खोल्या आमच्या. पुढची खोली मोठी, उजेडाची, ती दादाची. मागची अंधारी, तिच्यात देव, शेगडी, पाण्याचे हंडे, आई आणि मी. अण्णा दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्याशी पाट टाकून जेवायला बसत, म्हणजे जेवताजेवता त्यांना दादाचं काम दिसे. मागच्या दाराला लहानसं अंगण, त्यात तुळस, आणि पलीकडे चाळीची सामाईक विहीर. पहाटे रहाटाचा आवाज यायचा, मग भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या आगरी बायकांची हाक, मग आईच्या शेगडीवर फोडणीची चरचर. त्या फोडणीत टर्पेंटाइनचा वास मिसळलेला असायचा. वालाची उसळ समोर आली की आजही मला तो वास येतो. सुनेला एकदा हे सांगितलं तर तिनं पातेलंच हुंगून पाहिलं.

अण्णा फोर्टात एका कंपनीत कारकून होते. लहानपणी त्यांनाही चित्रकलेचा नाद होता, पण त्यांच्या वडिलांनी एक दिवस रंगांची पेटी उचलून चुलीत घातली आणि तो विषय संपवला. ही हकिगत आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ती पेटी मला डोळ्यांपुढे दिसे. शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी दादाचा हात चांगला आहे असं सांगितलं, त्या दिवसापासून अण्णांनी आपला सगळा जीव त्या हातात ठेवला. दूध दादाला, तूप दादाला, खिडकीजवळची जागा दादाला. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण दादा ते दूध गुपचूप मला प्यायला लावायचा.

तो फार शांत मुलगा होता. लहान असताना माझ्यासाठी पायरीवर कोळशानं घोडे काढायचा. काढताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची आणि मग त्याला हाका मारून काही उपयोग नसे. आई जेवायला बोलावून थकायची. शेवटी हात धरून उठवला की तो झोपेतून जागा झाल्यासारखा आमच्याकडे बघायचा आणि हसायचा. पुढे पुढे हे बंद झालं. कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. अण्णा त्याला अंधारातच उठवत, कंदील पेटवून समोर बसवत. मॅट्रिक झाल्यावर मुंबईच्या चित्रशाळेत नाव घातलं, तिथून आल्यावरही घरचा अभ्यास होताच. "पहिला आलास तर नाव होतं मधू, दुसऱ्याला कोणी विचारत नाही," असं अण्णा म्हणायचे. ते रागावून म्हणत नसत, अगदी मायेनं, पाठीवरून हात फिरवत म्हणत. दादा आता काढताना मधूनमधून दाराकडे बघायचा. दारात कोणी नसलं तरी बघायचा.

चित्रशाळेच्या तिसऱ्या वर्षी एका मोठ्या प्रदर्शनासाठी त्यानं अण्णांचं पोर्ट्रेट करायला घेतलं. कल्पना अण्णांचीच. रविवारी कोट-टोपी घालून ते स्वतः खुर्चीवर बसायचे. म्हणजे ज्याचं चित्र तोच परीक्षक. "नाक बघ जरा. माझं नाक असं आहे का?" दादा सुरीनं नाक खरवडायचा आणि पुन्हा करायचा. मग डोळे. मग पुन्हा नाक. असे कितीतरी रविवार गेले. दादाचं जेवण तुटलं, झोप तुटली. एका सकाळी मी चूळ भरायला मागच्या दाराशी गेले, तर दादा विहिरीच्या कट्ट्यावर बसून टर्पेंटाइननं हात चोळत होता. हाताची कातडी सोलवटून लाल झाली होती, तरी तो चिंधीनं घासतच होता.

"दादा, काय करतोयस?"

"कुसुम, हा रंग जात नाहीये गं."

"अरे, हात स्वच्छ आहेत तुझे."

"तुला दिसत नाही," तो म्हणाला. "अण्णांना दिसेल."

मी किंचाळून आईला बोलावलं. आईनं त्याच्या हातातली बाटली काढून घेतली तेव्हा तो तिला ओळखत नव्हता.

कल्याणहून डॉक्टर आले, औषधं झाली, कुणाच्या तरी सांगण्यावरून अंगारेही झाले. दादा जमिनीवर बसून हात मांडीवर घासत राहायचा आणि खालच्या आवाजात कुणाशी तरी बोलायचा. शेवटी डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेतलं आणि ठाण्याचं नाव काढलं. आमच्याकडं ठाणं म्हणजे काय, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. शाळेत कुणी वेडगळपणा केला की बाकीचे ओरडायचे, "याला ठाण्याला पाठवा रे!" मीही ओरडले असेन. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गावाचं नाव निघेनासं झालं. अण्णा म्हणायचे, 'तिकडे'. चाळीत सांगितलं की मधू मामाकडे गेलाय, हवापालटाला. चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे विचारायचे, "मामांकडची हवा मानवली का?"

आई आणि मी रविवारी तिकडे जायचो. अण्णा येत नसत. स्टेशनातून बाहेर पडलं की टांगा टेंभी नाक्यावरून जायचा. पुढे वस्ती विरळ व्हायची आणि मग ती लांबच लांब भिंत लागायची. आत मोठमोठी झाडं होती. झाडांखाली बाकं, आणि भेटीला आलेली माणसं आपापला डबा उघडून बसलेली. लांबून कुणाला वाटावं, वनभोजन चाललंय. दादाचे केस बारीक कापलेले असायचे, अंगावर जाडाभरडा सदरा. त्याला विजेचे झटके देत. त्यानंतर तो बऱ्याच गोष्टी विसरायचा, माझं नावसुद्धा एकदा विसरला. पण प्रत्येक वेळी हे मात्र विचारायचा: "ते चित्र भिंतीवरून काढलं का?" आई म्हणायची, "काढलं रे." काढलेलं नव्हतं. अण्णांनी ते अर्धवट चित्र भिंतीवरच कपड्यानं झाकून ठेवलं होतं.

तिथले एक वयस्क डॉक्टर आईशी नीट बोलायचे. दादाला घरी न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "बाई, याला काही करून दाखवायला लावू नका. हाताला काम द्या, पण चुकलं तरी बिघडत नाही असं काम द्या. आणि थोडं. आज एवढंच, असं म्हणा." आईनं मान हलवली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, पण कुणी मनापासून सांगितलेलं ती कधी विसरत नसे.

दादा घरी आला तो सुजल्यासारखा, मंद, हात थरथरणारा. पुढच्या खोलीत अण्णांनी नवं कॅनव्हास ताणून ठेवलं होतं. मला आता वाटतं, ते त्यांच्या परीनं स्वागत होतं. दुसऱ्या कुणी मुलाला मिठाई आणली असती, तसं यांनी कॅनव्हास आणलं. दादानं ते पाहिलं आणि तो दारातच थांबला. आईनं चित्राचा लाकडी घोडा मिटला, कॅनव्हास आणि ते झाकलेलं चित्र उचललं आणि दोन्ही माळ्यावर टाकलं. दादाचं अंथरूण तिनं स्वयंपाकघरात आपल्याजवळ घातलं. अण्णा त्या मोठ्या उजेडाच्या खोलीत एकटे झोपले.

दिवसभर दादा आईच्या शेजारी बसायचा. ती त्याच्यापुढे मोड आलेले वाल ठेवायची. "एवढी वाटी सोल. कंटाळा आला तर राहू दे." तो एकेक दाणा सोलायचा, कधी दाणा टाकून साल वाटीत ठेवायचा. आई तीच वाटी उचलून म्हणायची, "झालं की." मग चैत्र आला. आमच्या आईचं चैत्रांगण चाळीत नावाजलेलं होतं. सगळा महिना तुळशीपुढची जागा शेणानं सारवायची आणि तिच्यावर गौर, झोपाळा, शंख, चक्र, कासव, हत्ती, गोपद्मं, फणी-करंडा, सूर्य-चंद्र असं सगळं रांगोळीनं काढायचं. दुसऱ्या दिवशी सडा टाकून ते पुसायचं आणि पुन्हा काढायचं. त्या वर्षी आई म्हणाली, तिचा गुडघा दुखतोय. खरंच दुखत होता का, ते आजही मला सांगता येणार नाही.

"मधू, मला खाली बसवत नाही रे बाबा. तेवढं कासव काढतोस?"

"मला नाही येत."

"वाकडं आलं तरी चालेल. उद्या सकाळी पुसायचंच आहे."

दादानं तिच्याकडं पाहिलं. "पुसणार?"

"मग? ठेवते की काय!"

त्यानं चिमटीत रांगोळी घेतली. हात इतका कापत होता की रेघेऐवजी नुसता भुगा सांडला. त्यातून बऱ्याच वेळानं एक ओबडधोबड गोळा तयार झाला. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सडा टाकून म्हणाली, "आज शंख. बाकीचं कुसुम काढेल." असं रोज एक. मी त्याच्या शेजारी बसून उरलेलं भरत असे. समोरच्या दामलेकाकू एकदा थांबून म्हणाल्या, "अगंबाई, पुरुषमाणूस रांगोळी घालतोय?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या तुळशीपुढं यंदा काहीच दिसत नाही. पाठवू का त्याला?" काकू तशाच पुढे निघून गेल्या.

हळूहळू हात स्थिरावला. कासवाला पाय आले, हत्तीला डोळा आला. एके दिवशी त्यानं विचारलं, "आज दोन काढू?" आई म्हणाली, "वाटलं तर काढ." तिनं कधी 'छान' म्हटलं नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. ती नुसती बघायची आणि कैरीची डाळ वाटायला जायची.

आणि मग तो शनिवार. दादा जेवून अंगणात बसला. आईनं झोपाळ्यातली गौर सांगितली होती. गौर झाली, मग झोपाळ्याच्या साखळ्या, मग साखळ्यांवरून वर चढणारा वेल, वेलावर पोपट, पोपटांच्या मागे आंब्याचं झाड, आणि झाड अंगण ओलांडून विहिरीच्या वाटेपर्यंत गेलं. ऊन भिंतीवरून उतरून त्याच्या पाठीवर आलं, पाठीवरून निघून गेलं. मी पन्ह्याचं भांडं शेजारी ठेवलं, ते तसंच राहिलं. त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. त्याच्या बोटांमधून रांगोळी अशी पडत होती की वाटावं, ती आपणहून पडतेय आणि तो फक्त हात धरून आहे. आईनं मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली. शनिवारची अर्धी सुट्टी होती, अण्णा लवकर आले. तेही येऊन तिच्यामागे उभे राहिले. दादानं दाराकडे एकदाही पाहिलं नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या जन्मात मी ते पहिल्यांदा पाहिलं.

तिथंच ते थांबले असते तर! पण संध्याकाळी ते कपडे घालून बाहेर पडले आणि परतले ते फुललेल्या चेहऱ्यानं. ओळखीतले एक गृहस्थ होते, त्यांचं प्रदर्शनवाल्यांत वजन होतं. "ते उद्या येतायत बघायला. मधू, उद्या असंच काढ. फक्त जरा नीट. तो डावीकडचा पोपट फसलाय बघ."

दादानं त्या पोपटाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर घासायला लागला.

रविवारी मी उठले तेव्हा तो अंगणात होता. काढत होता, हातानं पुसत होता, पुन्हा काढत होता. पोपटाच्या जागी सारवण खरवडून खालची माती वर आली होती. त्याचे ओठ हलत होते. आईनं मागच्या दारातून ते पाहिलं. ती विहिरीवर गेली, बादली भरून आणली, तिच्यात शेण कालवलं आणि गुडघ्याचा विचार न करता त्या सगळ्या चित्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सडा टाकला. मग दादाचा हात धरून तिनं त्याला उठवलं. "चल, चहा घे. आज काही काढायचं नाही."

अण्णा पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा अंगण ओलं होतं. पाहुणे भले गृहस्थ होते. त्यांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं, दाराआडच्या दादाकडे पाहिलं, पन्हं घेतलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. ते वळणाआड जाईपर्यंत अण्णा कसेबसे गप्प राहिले.

"तू पुसलंस?"

"हो."

"अगं, काय केलंस कळतंय का तुला? त्याचं नाव झालं असतं! तो परत उभा राहिला असता!"

"तो उभाच होता. काल तुम्हीही पाहिलंत," आई म्हणाली. ती मागं सरली नाही. "उद्या तो पुन्हा काढेल. तुम्ही कुणाला घेऊन आलात तर मी पुन्हा पुसेन."

अण्णांनी हात उचलला. तो तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला. ते पुढच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तीनचार महिने त्यांचं आईशी फक्त कामापुरतं बोलणं झालं.

ते महिने मात्र दादाचे बरे गेले. चैत्र संपला तरी तो तुळशीपुढं रोज काहीतरी काढायचा. मी तेव्हा ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार होते आणि कागद बघून घाबरायचे. तो म्हणाला, "सगळा कागद कशाला बघतेस? इथून इथपर्यंत जा. मग पुढचं बघू." मुलींच्या शाळेत मी पुढे वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली, पण याहून वेगळं मी कुणाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही. मुली कागद रिकामा ठेवून रडायच्या, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून कागदाचा एक कोपरा दाखवायची.

श्रावणात एका दुपारी दादा आईजवळ येऊन बसला. अण्णांशी त्याचं काही झालं नव्हतं, कुणीच त्याला काही म्हटलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आई मरेपर्यंत कारण शोधत राहिली. हा आजार कारण नसतानाही परततो, हे मला पुढे एका डॉक्टरांनी समजावलं. आईला समजावणारं कुणी नव्हतं.

"आई, मला पुन्हा ऐकू यायला लागलंय," दादा म्हणाला. "आत्ताच सोडून ये मला तिकडे. मग मी येणार नाही म्हणेन."

आईनं त्याच्यासाठी गूळ घालून दशम्या केल्या. तो आमच्या दोघींच्या मधे शहाण्यासारखा चालत गेला. फाटकातून आत जाताना मला म्हणाला, "तुळशीपुढची जागा सारवत जा." त्यानंतर तो घरी आला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आईला मलेरियाचा ताप भरला. रविवारी ती उठू शकेना. मला एकटीला पाठवायला तिचं मन होईना. भरलेला डबा तिनं माझ्याकडून अण्णांच्या पाटाशेजारी ठेवून घेतला. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला आणि मग कोट चढवला. टांग्यातून उतरल्यावर त्या भिंतीशी ते थबकले, टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली.

दादा झाडाखाली आला. अण्णांना पाहून त्याचा हात मांडीकडे गेला. मला वाटलं, आता अण्णा चित्राचं विचारणार. अण्णांनी डबा उघडला आणि म्हणाले, "भाजीत मीठ जरा कमी आहे. कुसुमनं केलीय. आईला ताप आहे."

दादा खायला लागला. मग अण्णा त्याला ऑफिसातलं सांगू लागले. एक नवा माणूस आलाय, तो दुपारी टेबलावर डोकं ठेवून घोरतो आणि साहेब आला की डोळे मिटूनच उभा राहतो. मी अण्णांना असं निव्वळ बोलण्यासाठी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दादा एकदा हसला. भेट संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी तो काय करतो ते सांगाल?"

"सांगेन," अण्णा म्हणाले.

त्यानंतर अण्णांनी रविवार चुकवला नाही. माझं लग्न होऊन मी कल्याणला गेले, आईला खरोखरच चालवेना, तरी अण्णा डबा घेऊन जात राहिले. सोमवारपासूनच ते सांगण्यासारखं काहीतरी जमवायला लागायचे: कुणाची छत्री हरवली, कुणाची बदली झाली. दादा कधी ऐकायचा, कधी पाठ करून बसायचा. अण्णा दोन्ही दिवशी सारखंच सांगायचे.

पुढे एका थंडीत दादाला न्यूमोनिया झाला. अण्णा नेहमीसारखे रविवारी गेले, तेव्हा फाटकाशीच त्यांना आत बोलावून सांगितलं की पहाटे तो गेला. कागदांवर सह्या हव्या होत्या. अण्णा म्हणाले, "भेटीची वेळ संपली की करतो." मग ते त्या झाडाखाली जाऊन बसले. तिथल्या एका माणसानं हे आम्हाला नंतर सांगितलं: म्हातारे डबा मांडीवर घेऊन बसले होते, शेजारची जागा मोकळी ठेवून, आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होते. घंटा झाल्यावर ते उठले.